वरचा काटा

“गरम ठेवणं म्हणजे काय मोठंसं, थंड ठेवण्याचंच उलटं!” असं तो लेकीला म्हणाला होता, आणि म्हणताना चक्क हसला होता. तो हसला म्हणूनच ते वाक्य बायकोच्या लक्षात राहिलं. एरवी त्याचं घरातलं बोलणं म्हणजे दाराविषयी. दार लाव. दार ओढून घे. दार कुणी उघडं टाकलं?

तो शीतगृहात ऑपरेटर होता. लग्न झालं तेव्हा होता, लेक झाली तेव्हा होता, आणि मिशा पांढऱ्या झाल्या तरी होताच. शहराच्या कडेला गोदामांची रांग संपते तिथे ती खिडक्या नसलेली इमारत उभी होती. बाहेर रस्त्यावरचं डांबर उन्हानं मऊ पडलेलं असायचं आणि आत बटाट्याच्या पोत्यांवर, सफरचंदांच्या पेट्यांवर सतत एकच ऋतू. त्या ऋतूचा राखणदार तो. यंत्रांच्या आवाजात जराशी खरखर आली तरी त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. हमाल त्याला तोंडावर मामा म्हणत आणि पाठ वळली की गारेगार. हे त्याला ठाऊक होतं. त्याला त्याचं काही वाटत नसावं, किंवा वाटत असलं तरी ते कुठल्या थराखाली होतं हे बायकोला इतक्या वर्षांत खणून काढता आलं नव्हतं.

थंडी ही जणू कुणी विश्वासानं त्याच्या ओटीत टाकलेली वस्तू होती. ती सांडू नये म्हणून तो चालायचाही बेतानं. हात कायम गार. लेक लहान असताना त्यानं गालाला हात लावला की ती किंचाळून आईच्या मागे लपायची, आणि तो हात मागे घेऊन खिशात घालायचा. पुढे त्यानं हात लावणंच सोडलं. त्यात भांडण नव्हतं, राग नव्हता. खिशात गेलेला हात बाहेर आला नाही, एवढंच.

म्हणून यंदा थंडीच्या तोंडावर लेक तिची कासवं मैत्रिणीकडे ठेवायला निघाली आणि हा मध्येच “माझ्याकडे दे” म्हणाला, तेव्हा मायलेकी दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

लेकीला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. वसतिगृहात राहायचं, तिथे माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, कासवांना कुठली? दोन पिल्लं होती. एक बशीएवढं, दुसरं त्याच्या निम्मं. पायांवर तांबडे ठिपके, डोळे मोहरीसारखे. मोठीला ती थोरली म्हणायची, लहानीला धाकटी.

“तुमच्याकडे? बाबा, तुमच्या हाताला लागलं की सगळं गोठतं!” लेक म्हणाली. थट्टाच होती. आई हसली, लेक हसली, तो जरा उशिरानं हसला. आणि मग ते गरम ठेवण्याचं वाक्य बोलला.

लेकीनं मात्र हसू आवरून नीट समजावलं. “बाबा, ही उष्ण, दमट रानातली जात आहे. काही कासवं थंडीत मातीत शिरून झोपतात, ती वेगळी. यांना ती झोप माहीतच नाही. ही थंडीनं झोपली तर उठत नाहीत. रात्रंदिवस ऊब हवी. आणि लहान आहेत, आतून स्वतःला गरम ठेवायची सोयच नाही त्यांच्यात. बाहेरून मिळेल तेवढीच ऊब.”

“बाहेरून मिळेल तेवढीच,” तो पुटपुटला. कामाची सूचना घ्यावी तसा.

तो लगेच कामाला लागला, आणि बायकोनं त्याला घरासाठी असं काही करताना पहिल्यांदाच पाहिलं. शीतगृहाच्या भिंतीतून निघालेले जाड थर्माकोलचे तुकडे त्यानं गोळा करून आणले. लाकडी पेटीला आतून ते बसवले, सांध्यांत चिकटपट्टी दाबली, वर बिजागरीचं झाकण केलं. एका कोपऱ्यात झाकणाला लेकीनं दिलेला उष्णतेचा दिवा, उजेड न देणारा, नुसता तापणारा. त्याच्याखाली सपाट दगड. तळाला नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा. आणि सगळ्यात शेवटी, जुन्या यंत्रावरून उतरवलेला पितळी थर्मामीटर, गोल तोंडाचा, काळ्या काट्याचा. तो त्यानं रुमालानं पुसला, झाकणाच्या आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी घट्ट बसवला आणि काचेवर टिचकी मारली.

पेटी ठेवली बायकोच्या शिलाई मशीनशेजारी, फरशीवर. टेबल डुगडुगतं, त्यावरून पडली तर काय, असं तीच म्हणाली होती. खिडकीच्या फटींत त्यानं फोमच्या पट्ट्या भरल्या. खोली इतकी बंद झाली की शेजारीण दारातूनच म्हणाली, “वहिनी, आत माणसं राहतात की अंडी उबवताय?”

“अंडी परवडली. अंडी निदान बोलत नाहीत, हे ठाऊक असतं,” बायको नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

थंडी वाढत गेली. बायको दिवसभर शाळांचे गणवेश शिवायची. मशीनचं चाक थांबलं की पेटीतून खसखस ऐकू यायची, भुश्यात नखं चालल्याची. तिला त्या प्राण्यांची थोडी भीतीच वाटायची. चिरलेली पालेभाजी ती चिमट्यानं आत सोडायची. झाकण उघडलं की तोंडावर उबदार वाफ यायची, ओल्या काथ्याच्या वासाची, आणि तिला बरं वाटायचं. कामावरून आला की तो चपला काढायच्या आधी झाकण उघडायचा, काटा बघायचा, मान हलवायचा.

“तीस,” तो म्हणायचा. त्या एका शब्दात त्याचा दिवस संपायचा.

लेकीचा फोन आला की तो स्वतः उचलायचा. हेही नवं होतं. “तीस आहे. कालही तीस होतं.” पलीकडून लेक म्हणायची, “वा बाबा!” आणि हा फोन ठेवल्यावरही बराच वेळ तो हातात धरून बसायचा.

थोरली दिव्याखालच्या दगडावर चढून बसायची. एकदा बसली की हलायचं नाव नाही. धाकटीनं वर यायचा प्रयत्न केला की थोरली तिला नुसत्या अंगाच्या वजनानं खाली ढकलायची. धाकटी मग पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन भुश्यात तोंड खुपसायची. घरोघरी असतंच असं, बायकोला वाटलं. तिनं स्वतःच्या थोरल्या बहिणीला काय कमी सोसलं होतं?

मग खसखस कमी झाली. आधी तिच्या ध्यानात आलं नाही. मशीन थांबवून ती कान देऊ लागली, तेव्हा आली ती एकाच्याच नखांची.

“धाकटीनं आज पाल्याला तोंड लावलं नाही,” ती म्हणाली.

“काल खाल्लं असेल जास्त.”

“कालही नाही.”

त्यानं झाकण उघडलं, काटा पाहिला. तीस. “झोपलीये गं. ऊब आहे, निवांत आहे. झोपू दे.”

“यांना झोप नसते म्हणाली ना ती?”

“ती थंडीची झोप. ही पोट भरल्याची. पोट भरल्यावर कोण झोपत नाही? तुझा भाऊ बघ.”

ती हसली. तिला विचारायचं होतं, पोट भरलं कधी? पण काटा तीसवर होता, आणि काट्याच्या बाबतीत त्या घरात कुणी वाद घालत नसे. काट्याशी त्याचं नातं तिच्यापेक्षा जुनं होतं. शिवाय झाकणाखाली तिनं स्वतः हात धरून पाहिला होता, ऊब हाताला लागत होती. मग आणखी काय हवं?

तरी तिच्या शिवणीत चूक होऊ लागली. एका सदऱ्याला तिनं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवताना तिचं लक्ष सारखं पेटीकडे. लाकडाच्या आत काहीतरी गप्प होत चाललं होतं आणि ती गप्प होण्याची जात तिच्या ओळखीची होती. या घरात तिनं ती वर्षानुवर्षं ऐकली होती. तीतही बाहेरून सगळं ठीक असतं. बाहेरून बघणाऱ्याला काटा बरोबरच दिसतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लेकीनं चेहरा दिसणारा फोन केला. “आई, दाखव ना मला दोघींना. बघून किती दिवस झाले!”

तो अंगात स्वेटर चढवत पुढे आला, मोठ्या दिमाखात त्यानं झाकण उघडलं. बायकोनं फोन पेटीवर धरला. थोरलीनं मान बाहेर काढून वर पाहिलं.

“अगं बाई, केवढी झाली! आणि धाकटी?”

“ती काय, कोपऱ्यात. झोपलीये,” तो म्हणाला.

लेकीचा आवाज बदलला. “केव्हापासून?”

बायकोनं फोन धाकटीच्या कोपऱ्याकडे वळवला.

“आई, हात लाव तिला.”

“मी? अगं, मला...”

“आई, लाव हात!”

तिनं डोळे अर्धवट मिटून हात खाली नेला. वरच्या उबेतून हात खाली गेला, आणखी खाली, आणि कुठल्याशा अदृश्य रेषेखाली तो एकदम गारव्यात शिरला. विहिरीच्या पाण्यात वरचा थर कोमट असावा आणि खाली पाय टाकताच गारठा पोटऱ्यांना धरावा, तसं. बोटं भुश्याला लागली. मग धाकटीच्या पाठीला.

“फरशीसारखी गार आहे,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

“असं कसं?” तो ओरडला नाही, पण ओरडल्यासारखा. “काटा बघ की! तीस आहे! सकाळीही तीसच होता!”

“बाबा, थर्मामीटर कुठे लावलाय?”

“वर. झाकणाला.”

“वर का?”

“वर का म्हणजे? वरच लावतात.” आणि मग तो ते वाक्य बोलला, जे त्यानं शीतगृहात कामाला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं होतं, बायकोलाही पाठ झालं होतं. “वर थंड, तर खाली थंडच.”

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि खोलीतच राहिलं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ अजून शेवटच्या शब्दाच्या आकारात होते. थंडीच्या कोठीत सगळ्यात उबदार जागा छताशी, म्हणून पहारा छताशी. तिथे गार झालं की तळाची काळजी नको. आयुष्यभर त्यानं वरच्या थरावर नजर ठेवली होती. आणि इथे ऊब सगळी वर, पितळेभोवती जमली होती. तळाशी, फरशीच्या अंगावर, दोन जीव होते. दगडावर चढून उबेला पोचलेली थोरली, आणि ती दुसरी.

लेक रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यानं स्क्रू काढायला घेतले. पेचकस दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्यानं थर्मामीटर उपटलाच, लाकडाचा ढलपा निघाला, आणि तो धाकटीशेजारी भुश्यावर ठेवला. मग तो पेटीजवळ उकिडवा बसून काट्याकडे बघत राहिला.

काटा उतरू लागला. आयुष्यभर काटा खाली आला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. बायकोनं एकदा शीतगृहात पाहिलं होतं, यंत्रं दुरुस्त झाल्यावर काटा उतरत असताना त्याच्या चेहऱ्यावर कसा समाधानाचा तवंग येतो ते. आता तोच माणूस, तोच काटा. सव्वीस. बावीस. काटा थांबेना. त्यानं काचेवर टिचकी मारली, जणू त्यानं काटा वर चढेल. अठरापाशी तो जेमतेम स्थिरावला.

“बाबा, ऐका,” लेकीचा आवाज आला. “दिव्याखाली एकदम धरू नका तिला. हळूहळू. उथळ कोमट पाणी करा, हनुवटी पाण्याच्या वर राहील एवढंच. आई, पाणी तू बघ. नाकाशी बुडबुडे आहेत का?”

बायकोनं चष्मा लावला. धाकटीच्या नाकपुडीशी एक बारीक फेसाचा थेंब फुगत होता आणि मिटत होता. “आहे.”

“फुप्फुसात उतरलंय म्हणजे. जनावरांचे डॉक्टर दुपारपर्यंतच असतात आज. मी त्यांना फोन करते. तोवर ऊब सोडू नका. वाटेतही नाही. बाबा? ऐकताय ना बाबा?”

“हं,” तो म्हणाला.

बायकोनं पाणी केलं. कोपर बुडवून पाहिलं, लेकीच्या अंघोळीचं पाहायची तसं. परातीत बोटभर पाणी ओतलं. धाकटीला उचलायला ती पुढे झाली आणि थबकली. तो आधीच वाकला होता. त्यानं दोन्ही तळवे एकमेकांवर जोरजोरानं घासले, मग काखांत दाबले, मग तोंडासमोर धरून त्यांत श्वास सोडला. पुन्हा घासले. मग कुठे त्यानं तिला उचललं. तिची मान लोंबत होती. पाण्यात ठेवल्यावर त्यानं एक बोट हनुवटीखाली धरलं आणि तसाच राहिला.

“जरा सरका, पाठ अवघडेल,” ती म्हणाली. तो सरकला नाही.

पाणी निवलं की ती बदलायची. दोनदा बदललं, तिसऱ्यांदा बदललं. पेटीखाली तिनं घडी केलेलं जाड कापड सरकवलं. थोरली दगडावरून हे सगळं बघत होती, राणीसारखी. “तुला काय गं, बसलीयेस जागा अडवून,” बायको तिच्यावर खेकसली, आणि लगेच तिला त्या मुक्या जीवाचीही कीव आली. उबेला पोचलेल्याचा तरी काय दोष?

मग धाकटीचा पुढचा एक पाय हलला. इतका थोडा की पाण्यानंच हलवला असेल. दोघांनीही पाहिलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शीतगृहाचा. हा फोन कसाही वाजला तरी तिला तो ओळखू यायचा. तिनं तो त्याच्या कानाशी धरला, कारण त्याचा हात पाण्यात होता. आतला आवाज तिलाही ऐकू येत होता. मोठा कॉम्प्रेसर बंद पडला होता, नवा पाळीवाला घाबरला होता, मॅनेजर त्याच्या हातातून फोन ओढून घेत होता.

“दारं उघडू नका,” तो म्हणाला. “कुणी आत जायचं नाही, बघायलासुद्धा. दारं बंद असली तर खोल्या संध्याकाळपर्यंत थंडी धरतात. मालाला काही होत नाही.”

“ते मला शिकवू नकोस! माल कुणाचा आहे ठाऊक आहे ना? गाडी पाठवलीय, बस आणि ये. येतोयस ना?”

तो धाकटीकडे बघत होता. बोटाखालची हनुवटी.

“हॅलो? येतोयस ना?”

त्यानं डोकं बाजूला घेतलं. तिनं फोन बंद केला.

आता काय होणार हे तिला माहीत होतं. तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा हा फोन आला होता. घर बदललं त्या दिवशी, सामान अर्धं रस्त्यावर असताना आला होता. लेक शाळेत पहिल्यांदा रंगमंचावर उभी होती आणि समोरच्या रांगेतली एक खुर्ची नाटक सुरू होता होता रिकामी झाली होती. दर वेळी तो गेला होता, आणि दर वेळी त्याचं काही चुकलं होतं असं म्हणता येत नव्हतं, हेच तर दुखणं. लेकीला पुन्हा फोन करायचा, तिला सांगायचं की बाबा कामावर गेले. ते वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की ते आता मनातल्या मनातही जुनं झालं होतं.

खाली हॉर्न वाजला. मग जिन्यात पावलं, आणि दारात शीतगृहाचा ड्रायव्हर.

“चला मामा! साहेब नुसते नाचतायत तिकडे. तुमच्याशिवाय त्या यंत्राचं पान हलत नाही.” त्याची नजर परातीवर गेली. “हे काय, अंघोळ? बरंय बुवा, आमच्या पोरांना कोण घालतं एवढ्या लाडानं!”

बायको उठली. पदर खोचला. आज बोलायचंच, तिनं ठरवलं. आज मी बोलणार. तिच्या ओठांवर सगळं जमा झालं, नीट रांगेत.

त्यानं धाकटीला पाण्यातून काढलं. बायकोच्या मशीनवर गणवेशाचं मऊ कापड होतं, तिला न विचारता ते ओढलं, त्यात धाकटीला टिपून गुंडाळलं आणि परातीशेजारी ठेवलं. मग खुंटीवरचं कामाचं जाकीट काढलं. जाड, कापूस भरलेलं, कोपरांना चामड्याची ठिगळं. थंडीच्या खोल्यांत शिरायचं ते. त्यानं बाह्या चढवल्या. बायकोनं तोंड उघडलं.

तो वाकला. कापडाची गुंडाळी उचलली आणि जाकिटाच्या आत, सदऱ्याच्याही आत, छातीला लावून धरली. गार लागलं असावं, कारण त्याचा श्वास एकदा अडकला. मग त्यानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, वर नाकापुरती फट ठेवली आणि बाहेरून त्यावर तळवा ठेवला. खिशात कायम असायचा तो हात.

“मामा, हे काय? गाडी तिकडे... अहो, साहेब...” ड्रायव्हर बाजूला सरकत म्हणाला. जीपचे पडदे फाटलेले होते, खिडकीतून दिसत होतं, वारा त्यांना फडफडवत होता. जनावरांचा दवाखाना शीतगृहाच्या उलट्या दिशेला, पूल उतरून डाव्या हाताला. पायी गेलं तरी दुपारच्या आत पोचता येईल, भराभर गेलं तर. पण भराभर गेलं तर वारं लागेल.

बायकोचे शब्द तिच्या ओठांवरच राहिले. तिनं आपली शाल काढून त्याच्या गळ्याभोवती टाकली. तो थांबला तेवढाच. त्यानं तिच्याकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, मग फटीतून आत, छातीकडे. जमिनीला नीट पाय टेकवत, काही सांडू नये तसा बेतानं, तो उंबरठा ओलांडून पुलाच्या वाटेला लागला. दार ओढून घे, असंसुद्धा न म्हणता.